राहत्या घराची बदनामी

काका आले, पाणी प्यायले, दोन्ही पाय पुढे लांब केले आणि म्हणाले, "हे घर विकायचं ठरवलंय. तुम्ही घेणार असाल तर दुसऱ्या कुणाला विचारत नाही."

काका म्हणजे आमचे घरमालक. सगळं आयुष्य औषधाच्या दुकानात उभं राहून काढल्यामुळे त्यांच्या पायांच्या शिरा फुगलेल्या होत्या. ते बसले की आधी पायांची सोय लावत आणि मगच तोंड उघडत. बायको गेल्यापासून ते मुलीकडे राहत होते आणि भाड्याच्या निमित्ताने महिन्यातून एकदा आमच्याकडे येत.

"किंमत काय म्हणताय?" मी विचारलं.

"तुम्हीच सांगा. तुम्ही राहताय. घराची माहिती माझ्यापेक्षा तुम्हाला जास्त."

एखादा माणूस वस्तू विकायला येतो आणि किंमत तुम्हीच सांगा म्हणतो, तेव्हा भल्या माणसाने भला आकडा सांगून मोकळं व्हावं. पण मी विमा कंपनीत, दाव्यांच्या विभागात आहे. आमच्याकडे एका स्कूटरच्या मोडलेल्या आरशापायी माणसं अख्खी स्कूटर मागतात आणि आम्ही त्यांना आरशाची काचही द्यायला तयार नसतो. सरळ आकडा सांगणारा कुणी आलाच, तर शेजारच्या टेबलावरचे लोक उठून त्याला बघायला येतात. मी गंभीर चेहरा करून म्हणालो, "विचार करून सांगतो."

घरात तसा विचार करण्यासारखं काही उरलेलं नव्हतं. ते घर आम्हाला हवं होतं. लग्नानंतर वर्षभरात आम्ही तिथे आलो, आमची लेक तिथेच रांगायला लागली. एकाला एक चिकटून असलेल्या बैठ्या घरांच्या ओळीतलं ते शेवटून दुसरं घर. पुढे एक खोली, मध्ये एक, मागे स्वयंपाकघर आणि त्यामागे हातभर अंगण. इतकी वर्षं आम्ही दर महिन्याला 'घरासाठी' म्हणून पैसे बाजूला टाकत होतो. सोफा घेतला नाही, घरासाठी. सहल दोनदा रद्द झाली, घरासाठी. लेक लहान असताना तिची अशी समजूत होती की घरासाठी नावाची आपली कुणीतरी आत्या आहे, ती फार गरीब आहे आणि तिला आपण पैसे पाठवतो.

माझी बायको रक्त तपासायच्या प्रयोगशाळेत कामाला आहे. तिला जे आहे ते लिहायची सवय. ती म्हणाली, "काकांना सांगा, आम्हाला घर आवडतं, आमच्याकडे एवढे आहेत, बँक एवढे देईल. जमतंय का बघा. एवढंच तर बोलायचंय."

हे इतकं सोपं होतं की मला त्यात काहीतरी खोट असावी असं वाटलं. म्हणून मी सल्लागारांकडे गेलो.

सल्लागार हे आमच्या डाव्या हाताचे शेजारी. त्यांची आणि आमची एक भिंत सामाईक. त्यांनी हयातभर मोटारींचे टायर विकले होते आणि त्या धंद्यात साठून राहिलेलं ज्ञान आता ते फुकट वाटत. कुणी विहिरीत पडला तरी दोर टाकण्याआधी ते त्याला कसं पडायला नको होतं हे समजावून सांगतील. मी अंगणाच्या कुंपणाशी उभा राहून त्यांना सगळी हकीकत सांगितली.

"घर आवडतं का तुम्हाला?" त्यांनी विचारलं.

"आवडतं."

"हे मालकाला सांगितलंत?"

"अजून नाही."

"मग अजून वेळ गेलेली नाही." त्यांनी आजूबाजूला बघून आवाज खाली आणला. "हे बघा, घ्यायच्या वस्तूला आधी नावं ठेवायची. ओल दाखवा, भेगा दाखवा, नळ दाखवा. कंटाळून मालक स्वतःच खाली येतो. तुम्ही तोंडाने आकडा काढायचाच नाही."

हे मी बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "म्हाताऱ्या माणसाशी असलं काही करू नका." मी तिला व्यवहार आणि भावना यांतला फरक नीट समजावून सांगितला. ती ऐकून घेत होती, असं मला तेव्हा वाटलं. नंतर कळलं की ती मटार सोलत होती.

पुढच्या भेटीत मी काकांना घर दाखवायला निघालो. स्वतःचंच घर भाडेकरूच्या मागे मागे फिरून बघण्याची ती त्यांची पहिलीच वेळ असावी. मधल्या खोलीत कपाटामागे ओलीचा एक डाग होता. मी कपाट सरकवलं आणि काही न बोलता बाजूला झालो. कचेरीत जळालेल्या मालाचे फोटो समोर ठेवताना आमचे साहेब असेच बाजूला होतात.

काका वाकले. त्यांनी अंगठ्याने भिंत दाबून पाहिली, मग तळहात ठेवला.

"कधीपासून आहे?"

"झाली असतील दोन-तीन वर्षं."

"वाढतेय का?"

"पाऊस झाला की वाढते."

"आणि तुम्ही बोलला नाहीत."

त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. खोकला अंगावर काढून उशिरा दुकानात आलेल्या माणसाशी ते जसं बोलत असतील, तसं ते बोलले. मी पुढे सरकलो. स्वयंपाकघरातला गळका नळ दाखवला, न लागणारी खिडकी दाखवली, न्हाणीघरातली उखडलेली फरशी दाखवली. प्रत्येक ठिकाणी ते थांबले आणि हात लावून पाहिलं. जाताना म्हणाले, "चुकलंच माझं. भाडं घेऊन जात होतो, आत कधी डोकावलो नाही."

सल्लागारांना मी हे सांगितलं तेव्हा ते खूष झाले. "माणूस नरम पडला," ते म्हणाले. "आता फक्त थांबा."

थांबायची गरज पडली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी दाराशी गवंडी उभा होता, त्याच्या मागे प्लंबर आणि त्याच्या मागे सिमेंटचं पोतं घेतलेला हमाल. काकांनी पाठवलं होतं.

पुढचे तीन आठवडे आम्ही कसे काढले ते आमचं आम्हाला माहीत. मधल्या खोलीची भिंत खरवडून काढली, तेव्हा सगळे कपडे पुढच्या खोलीत आले. स्वयंपाकघराचं पाणी तोडलं, तेव्हा भांडी पुढच्या खोलीत आली. लेक अभ्यासाला कपाटात बसायला लागली, कारण दार लावलं की आत धूळ कमी यायची. न्हाणीघर पूर्ण उखडल्यामुळे आंघोळीला आम्हाला सल्लागारांकडे जावं लागे. त्यांच्या पत्नी फार मायाळू. मी आत गेलो की त्या दाराबाहेर उभ्या राहून विचारायच्या, "पाणी बेताचं आहे ना? साबण सापडला ना? पाठीला दगड हवा का?" पन्नाशीला आलेल्या माणसाने दुसऱ्याच्या न्हाणीघरातून पाठीच्या दगडाविषयी उत्तरं देणं हे कसं वाटतं, ते सांगून कळायचं नाही. एकदा तर ओला टॉवेल खांद्यावर आणि साबणाची डबी हातात अशा अवस्थेत मी रस्त्यावरून घरी येत असताना आमचे मोठे साहेब समोरून सकाळचं फिरून येत होते. मी शक्य तेवढ्या रुबाबात नमस्कार केला. ते म्हणाले, "सगळं ठीक ना घरी?" मी म्हणालो, "हो, घर घेतोय." त्यांनी माझ्याकडे एकवार पाहिलं आणि पुढे गेले. त्या दिवसापासून ते माझ्याशी जरा जास्तच मऊपणाने वागायला लागले.

दुरुस्ती संपली आणि घर असं काही निघालं की आम्हीच दारात थबकलो. भिंती कोरड्या, खिडकी एका बोटाने लागते, नळ नवा. बायको म्हणाली, "आता तरी जाऊन सांगा, आम्ही घेतो म्हणून."

पण सल्लागारांनी कपाळाला हात लावला. "तुम्ही त्यांना बरे होणारे आजार दाखवलेत," ते म्हणाले. "आता घराचा भाव चढला. आता असं काहीतरी शोधा की ज्याला औषधच नाही."

मी चार दिवस शोधलं. शेवटी लेकीची गोटी मदतीला आली. ती मधल्या खोलीत खेळत होती आणि तिची गोटी दर वेळी आपोआप मागच्या दाराकडे जात होती. मी ती गोटी मागून घेतली. तिने कशाला असं विचारलं. मी म्हणालो, "घरासाठी." तिने लगेच दिली.

काका आले तेव्हा मी मधल्या खोलीच्या उंबऱ्याशी ती गोटी ठेवली. ती क्षणभर थांबली आणि मग सावकाश, न अडखळता, मागच्या दारापर्यंत गेली. काका तिच्याकडे बघत राहिले.

"जमीन कलली आहे," ते म्हणाले.

"पाया खचला असेल," मी म्हणालो.

'खचलाय' असं मी म्हणालो नाही, 'असेल' म्हणालो, हे इथे नमूद करतो. आमच्या खात्याने या एका शब्दाच्या आधारावर कितीतरी दावे निभावून नेले आहेत. पण काकांना तो शब्द ऐकू आला नसावा. त्यांनी खाली वाकून गोटी उचलली, माझ्या हातात दिली आणि चहा न घेता निघून गेले. कुंपणाच्या फाटकाशी ते जरा वेळ उभे होते. घराकडे बघत होते.

इकडे बँकेचं काम सुरूच होतं. कर्जखात्यातल्या बाई फार शिस्तीच्या. त्यांनी विचारलं, "घराची स्थिती?"

"उत्तम," मी म्हणालो.

"ओल, भेगा, काही?"

"नुकतीच सगळी दुरुस्ती झालीय."

"पाया?"

"मजबूत," मी म्हणालो. बाईंनी तो शब्द तसाच लिहून घेतला. त्या म्हणाल्या, "आमचे इंजिनिअर येऊन बघून जातील. ते जी किंमत ठरवतील तिच्या हिशेबाने कर्ज मिळेल. घर चांगलं दिसलं तर तुमचाच फायदा."

म्हणजे काकांच्या डोळ्यांना घर पडायला आलेलं दिसायला हवं होतं आणि बँकेच्या डोळ्यांना ठणठणीत. दोन्ही डोळे एकाच वेळी घरात येऊ नयेत, एवढीच काळजी घ्यायची होती.

शनिवारी इंजिनिअर आला. तरुण मुलगा, गळ्यात ओळखपत्र, हातात टेप. मी त्याला घर दाखवत होतो आणि माझ्याच तोंडून घराची इतकी स्तुती ऐकून माझाच ऊर भरून येत होता. "या खिडकीतून सकाळचं ऊन येतं," मी सांगत होतो. "उन्हाळ्यात सुद्धा मधली खोली गार राहते. शेजार चांगला." हे सगळं खरं होतं, हे मला बोलताना जाणवलं. बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून ऐकत होती.

तेवढ्यात फाटक वाजलं आणि काका आत आले. बरोबर एक म्हातारा मिस्त्री होता, त्याच्या हातात ओळंबा. काकांचा चेहरा ओढलेला दिसत होता.

"हे बँकेचे?" त्यांनी विचारलं. "बरं झालं भेटलात. साहेब, यांनी तुम्हाला पाया दाखवला का?"

मी म्हणालो, "काका, तुम्ही आधी बसा. पाणी आणतो."

"पाणी नको. साहेब, मी या घराचा मालक. नंतर तुमची फसवणूक झाली असं व्हायला नको. या घराचा पाया खचलाय."

इंजिनिअरने माझ्याकडे पाहिलं. "हे तर म्हणाले की मजबूत आहे."

"ते भिडस्त आहेत," काका म्हणाले. "माझ्यासमोर बोलले, तुमच्यासमोर बोलणार नाहीत. दोन-तीन वर्षं ओलीत राहिले, पण एका शब्दाने बोलले नाहीत. त्यांच्या बोलण्यावर जाऊ नका. छोट्या बाई, तुमची ती गोटी आणा बरं."

लेकीने गोटी आणली. मुलांना असल्या वेळी नेमकं आज्ञाधारक व्हायचं सुचतं. गोटी सगळ्यांसमोर उंबऱ्यापासून मागच्या दारापर्यंत गेली. इंजिनिअरने टेप गुंडाळला आणि काहीतरी लिहिलं. मिस्त्रीने ओळंबा भिंतीला लावून पाहिला आणि "भिंत तर सरळ आहे" असं पुटपुटला, पण गोटीपुढे त्याचं कुणी ऐकलं नाही.

आठवड्याने बँकेचं उत्तर आलं. आम्ही मागितलं होतं त्याच्या जेमतेम निम्मं कर्ज मंजूर झालं होतं. त्याच दिवशी संध्याकाळी काका आले. या वेळी ते बसले नाहीत.

"हे घर मी तुम्हाला विकू शकत नाही," ते म्हणाले. "लेकरू आहे तुमच्या घरात. उद्या काही झालं तर मी कुणाला तोंड दाखवू? कोपऱ्यावरचा तो फरशीवाला बरेच दिवस मागे लागलाय. त्याला गोदामासाठी जागा हवीय. तो हे पाडून टाकणार आहे, म्हणजे प्रश्नच मिटला. तुम्ही तीन महिन्यांत दुसरी जागा बघा." मग त्यांनी खिशातून एक पाकीट काढून कपाटावर ठेवलं. "यात थोडे पैसे आहेत. असल्या घराचं मी तुमच्याकडून पुरं भाडं घेतलं. सगळं परत करणं मला झेपणार नाही, पण हे ठेवा."

मी पाकीट परत देऊ लागलो, तेव्हा त्यांनी माझा हात बाजूला केला आणि ते गेले. बायको त्या पाकिटाकडे बघत उभी राहिली.  

थोड्या वेळाने दार जोरात वाजलं. सल्लागार होते. त्यांच्या पायात दोन वेगवेगळ्या चपला होत्या.

"फरशीवाला तुमचं घर पाडणार म्हणतोय," ते म्हणाले. "सामाईक भिंतीचं काय? माझ्या घराला एका बाजूला भिंत राहणार की नाही? आणि पाया खचलाय हे गल्लीभर झालंय. माझा वरचा मजला बांधायला कंत्राटदार येणार होता, तो म्हणतो तुमचाही पाया तोच. तुम्ही त्या माणसाला नक्की काय सांगितलंत?"

"तुम्ही सांगितलंत तेच," मी म्हणालो.

त्यांनी आपल्या चपलांकडे पाहिलं. मग म्हणाले, "मी एक सर्वसाधारण तत्त्व सांगितलं होतं," आणि निघून गेले.

रविवारी सकाळी बायकोने चप्पल घातली. "चला," ती म्हणाली. "कुठे?" असं मी विचारलं नाही.

काकांच्या मुलीचं घर तिसऱ्या मजल्यावर होतं. दोन खोल्या आणि माणसं पाच. काका दाराजवळच्या बोळकांडीत खाटेवर बसले होते. खाटेच्या एका बाजूला कपडे धुण्याचं यंत्र होतं आणि दुसऱ्या बाजूला चपलांचा रॅक. यंत्र चालू होतं आणि त्याबरोबर खाट थरथरत होती. त्यांची औषधं, चष्मा आणि तांब्या खिडकीच्या कट्ट्यावर एका ओळीत, दुकानातल्यासारखी नीट लावलेली होती. आतून जावयाचा आवाज येत होता, "दुरुस्तीला दिलेले पैसे घर विकल्यावर आधी माझे परत करा म्हणावं." मुलीने आतलं दार ओढून घेतलं. काका आमच्याकडे बघून काहीच ऐकलं नसल्यासारखं हसले.

मी उभ्यानेच सांगून टाकलं. घर चांगलं आहे, ते आम्हाला आवडतं, ते स्वस्तात मिळावं म्हणून मी त्याला नावं ठेवत होतो, आणि पायाचं मी मनाने सांगितलं.

 यंत्र थांबलं, तेव्हा एकदम शांत झालं.

"म्हणजे ओल नव्हती?" त्यांनी विचारलं.

"ओल होती."

"नळ?"

"नळ गळत होता."

"खिडकी?"

"खिडकी पण लागत नव्हती, काका."

"मग खोटं काय होतं?"

"पाया," मी म्हणालो.

"पण गोटी तर मी माझ्या डोळ्यांनी पाहिली." ते थांबले. कपाळावर आठ्या घालून ते कुठेतरी लांब बघत होते. मग हळूहळू म्हणाले, "तो उतार मीच ठेवायला लावला होता. आमच्या हिला फरशी रोज धुवायला लागायची. पाणी आपसूक मागच्या अंगणात जावं म्हणून गवंड्याच्या मागे उभा राहून मी तो करून घेतला होता. ती म्हणाली होती की आता माझं निम्मं काम घरच करेल." त्यांनी चष्मा काढून धोतराच्या टोकाला पुसला. "पाया भरताना मी रोज तिथे होतो. दगड न् दगड माझ्यासमोर बसला. आणि तुम्ही एक शब्द बोललात, तर मी माझ्या डोळ्यांवर विश्वास न ठेवता तुमच्यावर ठेवला."

 आमच्या कचेरीत माणसं टेबलावर हात आपटतात, वर तक्रार करायची धमकी देतात. त्याची मला सवय आहे. याची नव्हती.

बायको खाटेच्या कडेला बसली. "काका, किंमत मी सांगते," ती म्हणाली, आणि तिने सांगितली. ती ना कमी होती ना जास्त, शेजारपाजारची घरं ज्या भावाने गेली तेवढीच. "बँक निम्मेच देतेय. आमचे साठवलेले त्यात घालू. उरतील ते दर महिन्याला देत जाऊ, आता भाडं देतो तसेच. चालेल का?"

"फरशीवाला एकदम देतोय," काका म्हणाले.

"तो पाडणार आहे."

काकांनी कट्ट्यावरचा तांब्या उगाच सरळ केला.

"आणि पुढची खोली रिकामीच असते," बायको म्हणाली. "आम्ही तिथे काही ठेवत नाही. तुम्हाला हवी असेल तर तुमच्याकडेच ठेवा. हयातभर."

मी तिच्याकडे पाहिलं. पुढच्या खोलीत आमचा दिवाण होता, टीव्ही होता, शिलाईयंत्र होतं, लेकीची सायकल होती आणि पाहुणे आले की पाहुणे होते. जिना उतरताना मी हळूच विचारलं, "आपण तिथे काही ठेवत नाही?"

"आजपासून," ती म्हणाली.

काकांनी विचार करायला वेळ घेतला. मग होकार आला. तो त्यांनी बायकोला कळवला, मला नाही.

नोंदणी कचेरीत मात्र गाडं अडलं. तिथला कारकून म्हणाला, "विकणारा घरातच राहणार? असं कसं? विकलं तर बाहेर, नाही विकलं तर आत." मी त्याला सगळी योजना समजावून सांगितली. दावे नाकारण्याच्या कामात मी जेवढी लांब वाक्यं लिहिली असतील, त्याहून लांब वाक्य मी त्याला त्या पुढच्या खोलीसाठी लिहून दिलं. त्याने ते दोनदा वाचलं, साहेबांकडे नेलं, साहेबांनी त्यातला एक स्वल्पविराम खोडला आणि परत पाठवलं. मग कारकुनाने विचारलं, "एकमेकांचं नातं काय? रकाना रिकामा चालत नाही."

मी काकांकडे पाहिलं. काकांनी खिडकीबाहेर पाहिलं.

"इतर लिहा," ते म्हणाले.

काका राहायला आले ते एक खाट, एक ट्रंक आणि औषधांची पेटी घेऊन. सल्लागारांनी स्वतः पुढे होऊन ट्रंकेचं एक टोक धरलं, कारण सामाईक भिंत वाचल्यापासून ते फार मदतीला तत्पर झाले होते. आमचा दिवाण मधल्या खोलीत आला, टीव्ही स्वयंपाकघरात गेला आणि सायकल अंगणात. काका बायकोशी बोलत, लेकीला गणितं शिकवत, तिच्या तापाला कोणती गोळी द्यायची ते सांगत. माझ्याशी ते अडल्याशिवाय बोलत नव्हते. दार लावून घ्या, पाणी गेलंय, पोस्टमन आला होता. मला माझ्याच घरात पाहुणा असल्यासारखं वाटे. पण त्याबद्दल तक्रार करायची कुणाकडे, हे कळत नसल्यामुळे मी गप्प होतो.

महिन्याभराने एका संध्याकाळी सल्लागार आले. मधल्या खोलीत दिवाणावर बसले. इकडे तिकडे बघत, भिंतीवर टिचकी मारत त्यांनी विचारलं, "आता तर तुमचं झालं. आता मोकळेपणाने सांगायला हरकत नाही. घर खरं कसं आहे हो?"

पुढच्या खोलीत काका पेपर वाचत होते. पानं उलटण्याचा आवाज थांबला.

गेल्या काही महिन्यांत हा प्रश्न मला अनेकांनी विचारला होता आणि समोर कोण आहे ते बघून मी त्याचं उत्तर दिलं होतं. त्या दिवशी समोर सल्लागार होते, ज्यांना मला काही विकायचं नव्हतं आणि ज्यांच्याकडून काही घ्यायचंही नव्हतं.

"चांगलं घर आहे," मी म्हणालो.

सल्लागार आणखी काही ऐकायला मिळेल म्हणून थांबले. मी काही जोडलं नाही. मग पुढच्या खोलीतून काकांचा आवाज आला.

"अहो," ते मला म्हणाले, "चहा टाकताय ना? तिघांचा टाका."